तक्रारीचा टाळ



पालखी सोहळ्याच्या तळावर संध्याकाळी समाजआरती होते, ती आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेली असेल. दिवसभराची चाल संपवून दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड वर करतात आणि त्या क्षणी सारे टाळ थांबतात. एवढा हजारोंचा समाज, पण टाचणी पडली तरी ऐकू यावी! मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी आपला टाळ थांबवीत नाही. ती वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झाले ते विचारतात, तक्रार ऐकून घेतात, निवाडा होतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, आणि त्यानंतर आरती होते.

ही रीत घालून देणाऱ्यांचे शहाणपण पाहा. साक्षात माउलींची आरतीसुद्धा तक्रार ऐकून घेतल्याशिवाय होत नाही. तक्रार सांगणे म्हणजे भक्तीत उणे आले, असे तेथे कोणी म्हणत नाही.

आता आपला देह हीही एक दिंडीच आहे. डोळे, हृदय, मूत्रपिंडे, पाय हे सारे तिचे टाळकरी. कोठे काही दुखले-खुपले की तो अवयव आपला टाळ वाजवीत राहतो, त्यालाच आपण वेदना म्हणतो. वेदना ही शत्रू नव्हे, ती तक्रारीचा टाळ आहे. पण मधुमेह म्हणून जो विकार आहे, ज्याला खेड्यापाड्यांत सगळे 'शुगर' म्हणतात, त्याची खोड अशी की तो हा टाळच काढून घेतो. पायाला जखम होते आणि पाय बोलत नाही. हृदयावर घाला पडतो आणि छाती दुखतेच असे नाही. म्हणून ज्याला शुगर आहे त्याच्या बाबतीत चोपदाराने टाळाची वाट पाहत उभे राहून चालत नाही. त्याने स्वतः उठून प्रत्येकाला विचारावयास हवे, "बाबा, तुझे काही आहे का?"

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या हातून एक चूक घडली, तिने शिकविले. ती सांगतो.

२०१७ सालची आषाढी वारी. आमच्या दिंडीत एक विणेकरी होते. वय ६० च्या पुढे, १२-१३ वर्षांची शुगर. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अनवाणी जाण्याचा त्यांचा नेम. दिवेघाट चढताना उन्हाने डांबर तापले होते. सासवडला मुक्कामी आलो तेव्हा अण्णांच्या डाव्या तळव्याला चांगला रुपयाएवढा फोड. कोणी म्हणाले, "अण्णा, तेवढं दाखवून घ्या, तंबूत डॉक्टर आहेत." अण्णा हसले. "अहो, मला काही होत नाही. दुखत पण नाही."

जेजुरी झाली, वाल्हे झाले. फोड फुटला, त्यात माती गेली. अण्णा वीणा घेऊन चालतच होते. आणि लोणंदच्या मुक्कामी आम्ही प्रवचनाला बसलो असता काय केले? अण्णांकडे बोट दाखवून सर्वांना सांगितले की पाहा, नामाचा महिमा! पायाला एवढी जखम, पण यांच्या तोंडून हूं का चूं नाही! लोकांनी टाळ्या वाजविल्या. एका म्हाताऱ्या मावशींनी अण्णांच्या पायांवर डोके ठेवले.

त्याच मावशींना दोन दिवसांनी फलटणला, सतरंज्या झाडताना, वास आला. त्यांनी अण्णांचा पाय धरून पाहिला. बोटे काळी पडू लागली होती आणि लाली घोट्यापर्यंत चढली होती. त्या रात्री अंगात ताप भरला, तेव्हा कोठे अण्णांना गाडीत घालून शहरातल्या रुग्णालयात नेले. आषाढी एकादशीला आम्ही चंद्रभागेच्या वाळवंटात उभे होतो, तेव्हा तिकडे अण्णांचे डावे पाऊल शस्त्रक्रिया करून काढावे लागले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "सासवडलाच पाय दाखवला असता आणि चालणं थांबवलं असतं, तर बहुधा मलमपट्टीवर भागलं असतं."

सज्जनहो, अण्णांना दुखत नव्हते हा नामाचा महिमा नव्हता. वर्षानुवर्षे रक्तात साखर वाढलेली राहिल्याने पायाच्या शिरा, म्हणजे ज्या मज्जातंतूंनी संवेदना कळते ते, बधिर झाले होते. शिवाय तेथला रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरत नव्हती आणि साखर चढलेली म्हणून जंतूंचे फावले. आम्ही एका रोगाच्या लक्षणाला साधुत्वाचे लक्षण म्हणालो. त्या टाळ्या आमच्या कानांत अजून वाजतात.

म्हणून आज हा लेखप्रपंच. मधुमेही माणसाने वैद्याकडे केव्हा धावावे, केव्हा त्याच दिवशी जावे, आणि काही होत नसतानाही केव्हा जावे, हे तीन भाग ध्यानात ठेवा.

पहिला भाग तत्काळ धावण्याचा. शुगर वाढते तशी उतरतेही, आणि उतरलेली शुगर काही मिनिटांत घात करते. इन्सुलिन घेणाऱ्यांना किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांना हे भय विशेष. औषध घेतले, चाल मोठी झाली, आणि जेवण लांबले की अंगाला दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. पुष्कळदा आपण म्हणतो, "याच्या अंगात आलं," किंवा "उन्हानं भोवळ आली." तसे म्हणत बसू नका. यंत्रावर ७० च्या खाली आकडा असेल, किंवा यंत्रच जवळ नसेल, तरी माणूस गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात कालवून लगेच पाजा. व्होग्लिबोजची गोळी चालू असेल त्याला ग्लुकोजच द्यावे, कारण त्या गोळीने साखर लवकर अंगी लागत नाही. १५ मिनिटांनी पुन्हा पाहा. आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढेच द्या, आणि बरे वाटल्यावर भाकरी-पोळी काहीतरी पोटात जाऊ द्या. आणि बेशुद्ध झाला असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनळीत जातो. तीर्थसुद्धा घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. गोळीमुळे उतरलेली शुगर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते. म्हणून "आता बरं आहे" म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावेच.

उलट शुगर फार चढली तर सारखी तहान, सारखी लघवी, ग्लानी. त्यात उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, एवढे दिसले की तंबूत थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. छातीत दडपण आले, जबड्यात किंवा हातात कळ आली, किंवा छाती न दुखताही एकाएकी दम लागून गार घाम सुटला, तर तो पित्ताचा त्रास समजून सोडा पीत बसू नये. मधुमेह्याचे हृदय पुष्कळदा गुपचूप बंद पडू पाहते. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर शुगर तपासा, पण गाडी आधी बोलवा, आणि घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून ती वेळ डॉक्टर पहिल्यांदा विचारतात.

दुसरा भाग त्याच दिवशी जाण्याचा. पायाला फोड, चीर, काटा, सूज, रंगातला बदल, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागणे, चिखलाने बोटांच्या बेचक्यांत कुजणे, यांतले काहीही झाले तर दुखो अथवा न दुखो, त्याच दिवशी दाखवावे. 'उद्या पुढच्या मुक्कामी बघू' हे वाक्य मधुमेह्याने टाकून द्यावे. फोड सुईने फोडू नये, कुरूप ब्लेडने कापू नये, पाय दुखतात म्हणून कढत पाण्यात बुडवू नयेत. बधिर पायाला पोळलेले कळत नाही. शुगर दोनदा लागोपाठ ३०० च्या वर आली, ताप उतरेना, उलट्या-जुलाबांनी पोटात काही ठरेना, डोळ्यांपुढे एकदम काळे ठिपके किंवा पडदा आला, तरी त्याच दिवशी. आणि एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. आजारपणात साखर न जेवताही चढते. मात्रा किती, ते विचारून ठरवावे. उलट डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा काही गोळ्या उपास, उलट्या किंवा जुलाब चालू असता थांबवाव्या लागतात, त्याही विचारूनच.

तिसरा भाग काही होत नसताना जाण्याचा, आणि आम्हांला हाच सर्वांत कठीण वाटतो. दर ३ महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरीची रक्ततपासणी, शुगर स्थिर असेल तर ६ महिन्यांनी. वर्षातून एकदा डोळ्यांचा मागचा पडदा, लघवीतली प्रथिने, मूत्रपिंडाचे रक्त. आणि डॉक्टरांकडून पायांची परीक्षा, एक बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ते विचारतात, "कळतंय का?" अण्णांना तो प्रश्न वारीपूर्वी कोणी विचारला असता तर त्यांचे पाऊल आज जागेवर असते. वारीला निघण्याच्या महिनाभर आधी हे सारे करून घ्यावे. आपण वीणेच्या तारा लावून घेतो, मृदंगाला शाई-कणीक पाहतो, पखवाज्याला बोल विचारतो. मग ज्या पायांनी सुमारे अडीचशे किलोमीटर जावयाचे, ते तेवढे न पाहता निघावयाचे काय?

येथे कोणी शंका घेईल की, "महाराज, हे सगळं ठीक. पण एकादशीचं काय? नेम मोडायचा का?"

शंका योग्य आहे. नेम हा वारकऱ्याचा प्राण आहे, त्याची आम्ही थट्टा करणार नाही. पण उपास म्हणजे काय ते नीट पाहू. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितले आहे की अतिशय खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. मधुमेह्याच्या एकादशीला या दोन्ही बाजूंनी धोका आहे. कोणी निर्जळी करतो आणि सकाळची गोळी मात्र नेमाने गिळतो. त्याची शुगर दुपारी उतरते. कोणी साबुदाणा, बटाटा, रताळे यांनी दोन वेळा पोट भरतो आणि म्हणतो मी उपाशी आहे. त्याची शुगर रात्री चढते. म्हणून एकादशीच्या दिवशी कोणते औषध किती, हे डॉक्टरांना आधी विचारा. ते "उपास करू नका" म्हणाले तर तेच व्रत समजा. नामाचा उपास त्यांनी सांगितलेला नाही ना? आणि शुगर उतरली तर चमच्याचमच्याला उपासाचा विचार करू नका. साखर उपासाला चालते, हे तर घरातली प्रत्येक माउली जाणते.

तरीही मन घेत नसेल तर नाथमहाराजांना आठवा. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला घालावयाची, किती दिवसांचा तो नेम! वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि नाथांनी ते सारे जल त्याच्या मुखी घातले. संप्रदायाने त्या कथेकडे नेम मोडला म्हणून कधी पाहिले नाही. रामेश्वर तेथेच पावला असेच आपण कीर्तनातून सांगत आलो. मग गाढवाच्या कंठी जो देव होता तो तुमच्या देहात नाही काय? त्याला तीन चमचे साखर नाकारून कोणती एकादशी साधणार?

दुसरी शंका प्रारब्धाची. "व्हायचं ते होतं, पांडुरंग बघून घेईल." असे म्हणणाऱ्याला आम्ही एवढेच विचारतो की तुमचा बैल वैरण सोडून बसला तर तुम्ही काय करता? रात्री बारा वाजता गुरांच्या डॉक्टरला उठवून आणता. तेव्हा बैलाचे प्रारब्ध काढीत नाही. ऊस पिवळा पडला तर पांडुरंगावर सोडून स्वस्थ बसत नाही. मग हा देहच तेवढा बेवारशी कसा? तो पांडुरंगाने आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे. ठेव सांभाळावयाची असते, उधळावयाची नसते.

आणि प्रारब्धाचीच गोष्ट निघाली तर ही ऐका. मधुमेह हे नाव चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतले, इतका हा रोग जुना. पण ज्या मुलांच्या अंगात इन्सुलिन मुळीच बनत नाही त्यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उपाशी ठेवून थोडे दिवस अधिक जगविणे, याखेरीज वैद्यांच्या हाती काही नव्हते. १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटो येथे बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी इन्सुलिन वेगळे काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या एका मरणासन्न मुलाला ते टोचले. तो मुलगा पुढे १३ वर्षे जगला. कालपर्यंत जे प्रारब्ध होते त्याला देवाने माणसांच्या हातून उतारा पाठविला. आलेला उतारा दाराशी उभा ठेवून "देव बघेल" म्हणणे हा विश्वास नव्हे, हा त्या देवाचा अव्हेर आहे.

आमच्या मायबहिणींना दोन शब्द वेगळे सांगावयाचे आहेत. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन तुम्ही चालता, मुक्कामावर पोहोचताच चूल पेटविता, सर्वांची पंगत उठल्यावर शेवटी बसता. तुमच्यातल्या कितीतरी जणींना शुगर आहे. गोळी सकाळी घेतलेली असते आणि पहिला घास दुपारी तीन वाजता. "माझ्यामुळं दिंडीचा खोळंबा नको" म्हणून चक्कर आली तरी सांगत नाही. बाई गं, तू पडलीस तर सगळ्या दिंडीचाच खोळंबा होईल! गोळी घेतलेल्या माउलीने पहिल्या पंगतीला बसावे, हा नेम प्रत्येक दिंडीने करावा. आणि पुरुषांनी एक दिवस वाढण्याचे काम केले तर त्यांचा मृदंग काही फुटत नाही.

दिंडीचालकांनीही आपले काम ओळखावे. कोणाला शुगर आहे, कोण काय औषध घेतो, घरचा फोन कोणता, ही यादी वहीत असावी आणि एक कागद प्रत्येकाच्या खिशात असावा. साखरेची पुडी विणेकऱ्याजवळ, पताकाधाऱ्याजवळ आणि शेवटच्या ट्रकवर. दिंडीत शुगर मोजण्याचे एक यंत्र आणि ते चालविता येणारा एक तरुण. इन्सुलिन ट्रकच्या तापलेल्या टपावर ठेवू नये, ते बिघडते. कोऱ्या मडक्याभोवती ओले फडके गुंडाळून आत कोरड्या डबीत ठेवावे. पालखीमार्गावर दरवर्षी आरोग्य पथके असतात, आणि १०८ ची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रात विनामूल्य धावते. ती बोलावण्यात संकोच कसला? शुगरवाल्यांनी अनवाणी चालण्याचा नेम पांडुरंगाच्या पायी ठेवून द्यावा, आणि पायात मोजे व मऊ बूट घालावेत. आधी आत हात घालून खडा नाही ना ते पाहावे. आणि रात्री हरिपाठ झाला की सर्वांनी पाच मिनिटे एकमेकांचे तळवे कंदिलाच्या, विजेरीच्या उजेडात पाहावेत. नाहीतरी आपल्या संप्रदायात एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहेच. पाया पडताना पाय पाहावा, एवढेच आम्ही मागतो.

अण्णा आता वारीत चालत नाहीत. कृत्रिम पाऊल लावून ते वाखरीला गाडीने येतात आणि तेथे आमची वाट पाहतात. २०१९ साली आम्ही त्यांच्या पाया पडून क्षमा मागितली. लोणंदच्या प्रवचनाची आठवण काढली. अण्णांनी आमचा हात धरला आणि म्हणाले, "महाराज, तुम्ही मला थोर म्हणालात, ते मला गोड लागलं. म्हणून पुढचे दोन दिवस मी पाय लपवून ठेवला. मला दुखत नव्हतं म्हणून मी थोर नव्हतो हो. मला कळत नव्हतं. आता लोकांना तेवढं सांगा."

तेवढे सांगितले. यापुढे कोणी दुःख सोसतो म्हणून आम्ही व्यासपीठावरून त्याची वाहवा करणार नाही. आधी विचारू, "माउली, कळतंय का तुम्हांला? दाखवून आलात का?" पंढरीच्या वाटेवर तक्रारीचा टाळ वाजविणाऱ्याकडे चोपदार रागाने जात नाहीत, धावत जातात. ज्यांचा टाळ मुका झाला आहे त्यांच्याकडे आपण सर्वांनी धावत जावे, आणि सर्वांची पावले सुखरूप महाद्वारी लागावीत, हेच पांडुरंगचरणी मागणे.

रामकृष्णहरि.